उणे तीसमध्ये घराच्या बाहेरच्या भिंतीला काय लावावं? (घर कॅल्गरीचं, डोकेदुखी नागपूरची)

विटामाती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घर कॅनडात आहे पण प्रश्न त्रिमूर्तीनगरात येऊन पडलाय, म्हणून हा धागा.

माझी मोठी बहीण आणि भाऊजी कॅल्गरीला असतात. ५ ऑगस्ट २०२४ च्या गारपिटीत शहराच्या उत्तर भागातली घरं झोडपली गेली, त्यात ताईचंही. विम्याचे दावे अडीच अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेले म्हणतात, त्यामुळे कारागीर मिळता मिळेना. छत कसंबसं झालं, भिंतींचा नंबर आत्ता लागतोय. घर नव्वदच्या दशकातलं, लाकडी सांगाड्याचं, बाहेरून व्हिनाइलच्या (म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकच्या) आडव्या पट्ट्या म्हणजे साइडिंग. ताईने फोटो पाठवले. वाऱ्याच्या तोंडावरच्या दोन भिंतींना लिंबाएवढी भोकं पडलीत. गोल नाहीत, चिरफाळलेली आहेत, कडा धारदार, आणि भोकातून मागचा काळा कागद दिसतो. त्याच घराची मागची भिंत मात्र जशीच्या तशी.

कंत्राटदाराने चार पर्याय दिलेत: पुन्हा व्हिनाइल, फायबर सिमेंट, इंजिनिअर्ड वुड आणि स्टील. विमा कंपनी 'होतं तसंच' या हिशोबाने व्हिनाइलचे पैसे देणार, वरचा फरक खिशातून. भाऊजी म्हणतात, मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा. ताई म्हणते, एकदाच काय ते भारी लावू, घर तरी गरम राहील. आणि दोघांनी मिळून फॅमिली ग्रुपवर माझ्याकडे बोट दाखवलं, 'तू तर रोज क्लॅडिंगच (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) लावतोस ना?'

लावतो. धरमपेठेतल्या दुकानांना एसीपी (अॅल्युमिनियमचे पॅनेल) आणि बंगल्यांच्या पश्चिमेच्या भिंतींना एचपीएल (दाबून केलेल्या लॅमिनेटच्या पाट्या). आपली सगळी मारामारी उन्हाशी. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं, त्या हिशोबाने माल निवडायची सवय. (३० मे २०२४ ला एका यंत्राने ५६ दाखवलं होतं ते सोडा, त्याचा सेन्सर बिघडलेला निघाला.) उणे तीसला पीव्हीसी किंवा सिमेंटची पट्टी कशी वागते हे वाचलंय, हाताखालून गेलेलं नाही. तिकडचे हिवाळे काढलेल्यांनी लिहा.

तर्रीबाज

भाऊ, इथं डिसेंबरात ८ डिग्री झालं तर अधिवेशनाले आलेले मुंबईचे लोक बर्डीवर माकडटोप्या शोधत फिरतात, अन् तुम्ही उणे तीस विचारून राहिले! ताईले म्हणा, ते साइडिंग-फायडिंग राहू द्या, चांगली नऊ इंची विटेची भिंत घाला. मग गार पडो का गोळा पडो.

निवृत्त_उपअभियंता

तर्रीबाज, गारेचा प्रश्न तुमच्या भिंतीने सुटेल, थंडीचा सुटणार नाही. भिंत उष्णतेला किती अडवते हे तिकडे 'आर' या आकड्यात सांगतात. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली आपली नऊ इंची भिंत सगळं धरून आर ३ च्या आत येते. तिकडच्या सहा इंची लाकडी सांगाड्यात भरलेला ग्लासवूल एकटाच आर २० च्या आसपास. म्हणजे ज्या भिंतीला आपण फुसकी म्हणतो तिच्यापेक्षा आपल्या 'पक्क्या' भिंतीतून कितीतरी पट ऊब बाहेर जाते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ वर आलं होतं. त्या पहाटे पलंगाजवळची भिंत हाताला कशी लागत होती ते आठवा आणि त्यातून आणखी तेहतीस डिग्री वजा करा.

विटामाती, तुमच्या ताईंच्या म्हणण्यात मात्र एक गाठ आहे, ती आधी सोडवा. भारी साइडिंग लावल्याने घर गरम होत नाही. साध्या व्हिनाइलचा आर एकाच्याही खाली, फायबर सिमेंटचा त्याहून कमी, स्टील तर शून्यच धरा. पाऊस, बर्फ, ऊन, गारा आणि थोडीफार आग अडवणं हे साइडिंगचं काम. ऊब राखणारे थर त्याच्या मागे असतात. भिंत वीस-तीस वर्षांत एकदाच उघडी पडते. त्यामुळे कोटेशन वाचताना पट्टी कोणती हे नंतर बघा, जुनी पट्टी काढल्यावर मागे काय करणार हा रकाना आधी वाचा. बहुतेक तो रकाना नसेलच.

विटामाती

खरंच नाहीये. चारही कोटेशनांत 'हाउसरॅप' (पट्टीमागचा पाणी अडवणारा कागद) एवढा एक शब्द आहे, बाकी सगळं रंग आणि डिझाइन.

बो_नदीकाठची

मूळची लक्ष्मीनगरची, आता बरीच वर्षं कॅल्गरीकर. थोडं सविस्तर लिहिते, कारण इथली थंडी म्हणजे नुसती थंडी नाही.

पहिलं म्हणजे हे गाव कोरडं आहे. वर्षभराचा पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून साधारण ४२० मिलिमीटर. नागपूरला त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस चार महिन्यांत पडतो. दुसरं, चिनूक. रॉकी पर्वत उतरून येणारा हा पश्चिमेचा वारा भर जानेवारीत काही तासांत तापमान वीस-वीस डिग्रींनी वर नेतो. सकाळी उणे अठरा, दुपारी अंगणात पाणी वाहतंय, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं गोठलेलं. हिवाळ्यात हे पुन्हा पुन्हा होतं. विनिपेगला थंडी आमच्यापेक्षा जास्त, पण तिथे एकदा गोठलं की गोठलं. भिंतीला त्रास होतो तो या गोठण्या-वितळण्याचा. तिसरं, हजार मीटरच्या वरची उंची आणि कोरडी स्वच्छ हवा, त्यामुळे उन्हाने रंग लवकर उडतो. आणि चौथं गारा. १३ जून २०२० ला ईशान्य भागात पडल्या तेव्हाही नुकसान अब्ज डॉलरच्या वर होतं, मग २०२४.

आमच्याही घराला व्हिनाइल होतं. चिनूक सुटला की भिंत टक-टक वाजायची. पट्ट्या लांब होताना खिळ्यांवर अडकतात आणि मग सुटतात, त्याचा तो आवाज. नवीन माणूस रात्री घाबरतो. कडाक्याच्या थंडीत बर्फ सारताना फावड्याचा दांडा लागला तरी कोपऱ्याचा टवका उडतो. शेजारची पोरं हॉकीचा चेंडू मारतात ते वेगळंच. आणि इथे घरं इतकी जवळजवळ आहेत की समोरच्याच्या नव्या खिडकीच्या काचेवरून परतलेल्या उन्हाने आमच्या भिंतीच्या दोन पट्ट्या वाकड्या झाल्या. उणे दहाला प्लॅस्टिक वितळतं हे नागपुरात सांगितलं तर कोण खरं मानेल?

खुसपट

वितळत नाही, मऊ पडून वाकतं. पीव्हीसीची पट्टी सत्तरेक डिग्रीला मऊ पडायला लागते.

बो_नदीकाठची

@खुसपट, बरं, वाकल्या. बदलायला मात्र पैसे तेवढेच लागले.

विटामाती

टक-टकचा हिशोब आत्ता करून पाहिला. व्हिनाइलची पट्टी साडेबारा फुटी, म्हणजे ३.८ मीटर. उणे तीस ते अधिक तीस, साठ डिग्रींचा फरक. पट्टी साधारण १३ मिलिमीटर लांब-आखूड होते. तेवढीच स्टीलची पट्टी तीन मिलिमीटरच्या आत. म्हणजे व्हिनाइल लावणाऱ्याने खिळा स्लॉटच्या (पट्टीतल्या लांबट भोकाच्या) बरोबर मध्यावर आणि डोक्याखाली मिलिमीटरभर फट ठेवून मारायला हवा. पट्टी भिंतीवर टांगलेली राहिली पाहिजे, ठोकून बसवलेली नको. आपल्याकडचा मिस्त्री तर 'साहेब, हलत होतं म्हणून घट्ट केलं' म्हणून मोकळा होईल.

बो_नदीकाठची

इथलेही तेच करतात, फक्त इंग्रजीतून. थंडीत काम चाललं असेल तर टोकाची फट आणखी मोठी ठेवावी लागते, कारण तेव्हा पट्टी आधीच आखडलेली असते. आणि कापताना गोल करवतीचं पातं उलटं बसवतात, नाहीतर गार व्हिनाइलच्या चिरफळ्या उडतात. कारागीर पातं उलटं लावताना दिसला तर त्याला टोकू नका, त्याला काम येतं.

तर्रीबाज

पण भाऊजींचा मुद्दा काहून उडवून राहिले तुम्ही लोक? विमा कंपनी पैसे देऊन राहिली, व्हिनाइल लावा. पुन्हा फुटलं, पुन्हा देईल. आपलं काय जाते?

मिनेसोटाचा_मन्या

जाते ना भाऊ. बऱ्याच पॉलिसींत गारांसाठी वेगळा डिडक्टिबल असतो, म्हणजे पहिली मोठी रक्कम तुमचीच. काही ठिकाणी साइडिंगचं वय वजा करून उरलेले पैसे देतात. शिवाय दर दाव्यानंतर हप्ता वाढतो. आमच्याकडे मिनियापोलिसच्या आसपास गल्लीतलं प्रत्येक घर कधी ना कधी गारांनी ठोकलेलं आहे. पॉलिसीचं ते पान भाऊजींना मोठ्याने वाचायला लावा, चर्चा तिथेच संपेल.

मी स्वतः इंजिनिअर्ड वुड लावलं. लाकडाच्या पातळ चकत्या, रेझिन आणि मेण दाबून केलेली पट्टी, कीड-बुरशी लागू नये म्हणून झिंक बोरेट घातलेलं. सोळा फुटी येते, त्यामुळे सांधे कमी. साध्या करवतीने कापता येते आणि थंडीत व्हिनाइलसारखी तडकत नाही. गारेचा मार बऱ्यापैकी झेलते कारण लाकूड थोडं दबतं. एक इतिहास मात्र सांगून ठेवतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत याच जातीच्या पहिल्या पिढीच्या मालाने पाणी पिऊन कडा फुगवल्या होत्या आणि सामूहिक खटले झाले होते. आताचा माल सुधारलेला आहे, पण कापलेली प्रत्येक कड रंगवून बंद करायची हा नियम त्यातूनच आला. आमच्या कारागिराने खिडकीखालची कड तशीच सोडली होती. मी शिडीवर चढून नखाने खरवडून पाहिलं तेव्हा कोरं लाकूड दिसलं. मग त्याला परत बोलावून रंगवून घेतलं.

गोरेवाड्याची_मैना

एक भाबडा प्रश्न. फायबर सिमेंट म्हणजे आपल्याकडे गोठ्यावर टाकतात ते सिमेंटचे पत्रेच ना? त्यात तर अॅस्बेस्टॉस असतं म्हणतात. ताईंनी घराला ते का लावावं?

निवृत्त_उपअभियंता

प्रश्न भाबडा अजिबात नाही. घराणं एकच. सिमेंटच्या लगद्यात तंतू मिसळून थरावर थर चढवत पत्रा काढायची पद्धत ऑस्ट्रियाच्या लुडविग हॅट्शेक यांनी १९०० च्या सुमारास काढली, आणि त्यांचा तंतू अॅस्बेस्टॉसचाच होता. पुढे त्या तंतूमुळे फुप्फुसाचे आजार होतात हे उघड झाल्यावर ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात जेम्स हार्डी कंपनीने त्याजागी लाकडाचा सेल्युलोज तंतू वापरायला घेतला. आज कॅनडा-अमेरिकेत साइडिंगला मिळतं ते हे. कॅनडाने २०१८ मध्ये अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे अॅस्बेस्टॉसचे पत्रे अजून राजरोस विकले जातात, त्यामुळे तुमची शंका इथल्या मालाबद्दल अगदी रास्त आहे.

तरी कापताना जपायला हवंच. सिमेंटमध्ये वाळू असते, तिची बारीक धूळ म्हणजे सिलिका. ती छातीत गेली तर वाईट. धूळ ओढणारी करवत किंवा कातरीसारखं कटर वापरतात, मास्क लावतात.

बो_नदीकाठची

आम्ही शेवटी फायबर सिमेंट लावलं, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगते. पट्टी आठेक मिलिमीटर जाड, व्हिनाइल जेमतेम एक मिलिमीटर. गारेपुढे हा फरक दिसतोच. आग लागली तर जळत नाही, इथे घरं जवळजवळ असल्याने तेही डोक्यात होतं. पण जड आहे, चौरस मीटरला अकरा-बारा किलो. मजुरी व्हिनाइलपेक्षा बरीच जास्त, कारण दोन माणसांशिवाय पट्टी उचलतच नाही.

आणि त्याची दुखरी जागा म्हणजे खालची कड. पट्टी जमिनीपासून सहा इंच आणि छत, डेक (घराला लागून असलेला लाकडी ओटा), पायऱ्या यांपासून दोन इंच वर संपली पाहिजे, असं कंपनीच्या पत्रकातच असतं. आमच्या गल्लीत एकाने डेकला टेकवून पट्ट्या लावल्या. हिवाळाभर डेकवर बर्फ साचतो, चिनूकमध्ये वितळतो, कड पाणी पिते, रात्री ते गोठतं. काही हिवाळ्यांत त्या कडेचे पापुद्रे सुटले, वरची पाच फूट पट्टी मात्र नवीकोरी. त्याला वॉरंटीही मिळाली नाही. थंड मुलखासाठी वेगळा माल येतो, हार्डीचा तो एचझेड५ म्हणून, तो घ्यायचाच, पण डेकला टेकवला तर तोही काय करणार?

कळमेश्वरकर

स्टीलबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. आमच्याकडे कळमेश्वरला रंगीत पत्र्याची कॉइल बनते, नोकरी त्यातच. स्टील साइडिंग म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, वर प्रायमर आणि भाजलेला रंग. थंडीत तडकणे नाही, पाणी पिणे नाही, जळणे नाही, आखडणे-वाढणेही कमी. गारेने भोक पडत नाही, पोचा पडतो. तेव्हा घ्यायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, पोचा चालेल का? अॅल्युमिनियम त्याहून मऊ आहे, गारांच्या गावात नकोच. पत्रा जाड घ्या (गेजचा आकडा लहान म्हणजे पत्रा जाड, इथे बरेच फसतात) आणि गुळगुळीत चकचकीत घेण्यापेक्षा लाकडाची रेघ उठवलेला, मॅट घ्या, पोचे कमी दिसतात. आणि पॉलिसीत 'दिसण्यातलं नुकसान भरणार नाही' असं कलम आहे का बघा. असलं तर पोच्यांचे पैसे विसरा.

कापलेल्या कडेला जस्त थोडंफार सांभाळून घेतं, पण घासणारी चकती वापरून कापलं तर ठिणग्यांनी रंग जळतो आणि तिथून गंज धरतो. कातरीनेच कापून घ्या.

दवबिंदू

उपअभियंता काकांनी 'मागे काय' म्हटलं, तिथे परत येऊ या, कारण मटेरियलच्या गप्पांत तेच निसटून चाललंय. माझं काम शीतगृहांचं. कळमन्याकडे संत्र्यांसाठी खोली बांधतो तेव्हा बाहेर गरम दमट हवा, आत चार-पाच डिग्री. वाफ बाहेरून आत घुसायला बघते, म्हणून वाफ अडवणारा थर बाहेरच्या बाजूला. कॅल्गरीत सगळं उलटं. आत २१ डिग्री, स्वयंपाक, आंघोळी, ओले कपडे. बाहेर हाडासारखी कोरडी थंडी. वाफ आतून बाहेर निघते. म्हणून तिथे प्लॅस्टिकचा कागद आतल्या जिप्समच्या मागे असतो.

आता एक आकडा. आत २१ डिग्री आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, साधारण ७ डिग्री. बाहेर उणे वीस असताना साइडिंगच्या मागची लाकडी फळी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली असते. स्विचबोर्डाच्या फटीतून, पायपाच्या भोकातून घरची हवा त्या फळीपर्यंत पोचली की तिथे दव नाही, सरळ हिमच धरतं. हिवाळाभर ते साठतं, आणि चिनूक आला की वितळून खाली उतरतं. लोक म्हणतात साइडिंग गळलं. बरेचदा बाहेरून काहीच आलेलं नसतं, घरातलीच वाफ असते ती.

म्हणून पट्ट्या निघाल्या की पहिलं काम, फळी दाबून बघणे. काळी पडलीय का, बोट रुततंय का, खिळे गंजलेत का. खास करून खिडक्यांच्या खालचे दोन कोपरे. तिथे जे सापडेल त्यावर पुढचं ठरतं.

विटामाती

हे मला नवीन. मग बाहेरून फोमचा थर मारला की फळी गरम राहील ना? कंत्राटदार एक इंची फोम 'ॲड-ऑन' म्हणून देतोय. मागे फोम चिकटवलेलं व्हिनाइलही आहे म्हणतो.

दवबिंदू

तत्त्व बरोबर, जाडी बघायला हवी. बाहेरचा थर पुरेसा जाड असेल तर फळी ऊबदार राहते आणि हिम धरतच नाही. पण एक इंची एक्सपीएस (घट्ट थर्माकोलसारखा) फोम म्हणजे आर ५, सहा इंची सांगाड्यात आर २० आहे. कॅल्गरीच्या थंडीत एवढ्याने फळी कडाक्याच्या दिवसांत दवबिंदूच्या वर येणार नाही. वर हा फोम वाफेला नीट बाहेर जाऊ देत नाही. आतून प्लॅस्टिक, बाहेरून फोम, मध्ये ओली फळी. ती वाळणार कुठून?

त्यापेक्षा रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंच्या) घट्ट पाट्या मिळतात, इंचाला साधारण आर ४. वाफ त्यातून सहज जाते, म्हणून पातळ लावला तरी धोका नाही. शिवाय लाकडी खांबांमधून जी ऊब सरळ निसटते तीही याने अडते. लाकडाचा आर इंचाला सव्वाच्या आसपास, म्हणजे दर सोळा इंचांवर भिंतीत एक गार पट्टा असतो. थंड सकाळी बाहेरच्या भिंतीवर काही घरांच्या खांबांच्या उभ्या रेघा दिसतात, त्या यामुळेच.

फोमवालं व्हिनाइल दोनेक आर वाढवतं आणि पट्टी कडक होते. बरं आहे, पण त्याला 'घर गरम होईल' म्हणून विकत असतील तर हसून सोडून द्या.

तर्रीबाज

अन् ते कंत्राटदार रेनस्क्रीन म्हणतात ते काय असते? भाव वाढवायची आयडिया का?

निवृत्त_उपअभियंता

तुमच्या गावाकडे कवेलूचं घर आहे ना? कवेलूच्या फटीतून थोडं पाणी आत येतंच, पण ते खालच्या कवेलूवरून उतरून जातं, आणि खाली हवा खेळत असल्याने वासे वाळतात. रेनस्क्रीन म्हणजे तेच उभ्या भिंतीला. हाउसरॅपवर उभ्या पट्ट्या मारायच्या, साधारण १० मिलिमीटर फट ठेवायची आणि त्यावर साइडिंग. वर-खाली जाळी लावायची म्हणजे किडे-उंदीर जात नाहीत. व्हँकुव्हरला १९८० आणि ९० च्या दशकांत फट न ठेवता बांधलेल्या शेकडो इमारती आतून कुजल्या, १९९८ मध्ये त्यावर चौकशी आयोग बसला. तेव्हापासून कॅनडात या फटीला मान आला. कॅल्गरी कोरडं असल्याने तिथे व्हँकुव्हरएवढी सक्ती नाही. व्हिनाइलच्या मागे आपसूक थोडी हवा राहते. फायबर सिमेंट किंवा इंजिनिअर्ड वुड सपाट चिकटतं, त्याला फट दिलेली उत्तम.

बो_नदीकाठची

दवबिंदूंचं तत्त्व मान्य, पण व्यवहारही बघा. दोन इंच रॉकवूल, त्यावर पट्ट्या, त्यावर साइडिंग म्हटलं की भिंत तीन इंचांनी पुढे येते आणि खिडक्या खड्ड्यात जातात. प्रत्येक खिडकीला नवी चौकट, नवं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी). नळ, मीटर, दिवे, डक्ट सगळं पुढे ओढायचं. खिडक्याही बदलायच्या असतील तर हे जरूर करा. ताईंना फक्त पट्ट्या बदलायच्या असतील तर एवढ्या पैशांत पोटमाळ्यावर जाडजूड इन्सुलेशन आणि घरभर फटी बुजवणं होऊन वर पैसे उरतील. बिलात फरक त्याने आधी पडतो. आमच्याकडे पडला.

दवबिंदू

हे बरोबर आहे. फटी बुजवणं पहिलं. भिंत उघडी असतानाच बाहेरून हाउसरॅपचे सांधे टेपने पक्के करून घ्यावेत, ते काम नंतर कधीच होत नाही. फक्त एक इंची फोमला ताईंनी नाही म्हणावं एवढा माझा आग्रह.

मिनेसोटाचा_मन्या

अजून एक जागा, जिथे माझ्या शेजाऱ्याची भिंत सडली. गॅरेजचं उतरतं छत जिथे घराच्या उभ्या भिंतीला भिडून संपतं, तिथे पाणी पन्हळीत न जाता पट्टीच्या मागे शिरतं. तिथे पत्र्याचा एक वाकडा तुकडा लागतो, किकआउट फ्लॅशिंग म्हणतात. हाताच्या पंजाएवढा असतो आणि जुन्या घरांत हमखास नसतो.

विटामाती

काल रात्री ताई-भाऊजींशी व्हिडिओवर बसलो. पॉलिसी भाऊजींनीच वाचली. गारांचा डिडक्टिबल वेगळा निघाला, आणि 'दिसण्यातलं नुकसान' हे कलमही सापडलं. कळमेश्वरकर, तुमच्यामुळे स्टील तिथेच बाद. व्हिनाइलचा हट्ट भाऊजींनी अर्धा सोडला, म्हणजे मागच्या बाजूची धडधाकट भिंत आहे तशी ठेवायची आणि फुटलेल्या दोन भिंती व दर्शनी बाजू फायबर सिमेंटने करायची. रंग जुळवायची जबाबदारी ताईची. खिडक्या आत्ता बदलायच्या नाहीत, म्हणून बाहेरचं इन्सुलेशन नाही, फोम तर नाहीच. वाचलेले पैसे पोटमाळ्यात.

कंत्राटदाराकडून नवीन कोटेशन मागवलंय. त्यात हे लिहून मागितलं: पट्ट्या निघाल्यावर फळी तपासणार आणि सडलेली निघाली तर चौरस फुटाचा दर काय, हाउसरॅपचे सांधे टेपने बंद, १० मिलिमीटरची फट, कापलेल्या कडांना रंग, डेकपासून दोन इंच, गॅरेजच्या टोकाला किकआउट. काम ऑक्टोबरच्या आत, कारण पाच डिग्रीच्या खाली सीलंट नीट धरत नाही असं तोच म्हणाला. कंत्राटदाराचं उत्तर आलं, 'तुमचा भाऊ काय करतो?'

गोरेवाड्याची_मैना

😄 गडद रंग घेऊ नका म्हणावं. उंचावरचं ऊन आहे ना तिथे?

बो_नदीकाठची

फायबर सिमेंटला कारखान्यातूनच रंग येतो, तो बरा टिकतो. तरी दक्षिणेच्या भिंतीवर गडद निळा-काळा लवकर फिका पडतो, हे खरं. आणि विटामाती, भाऊजींना एक काम द्या. हाउसरॅप आणि खिडक्यांची टेप लागून झाली की पट्टी चढायच्या आधी प्रत्येक खिडकीचे, चारही कोपऱ्यांचे फोटो काढायचे. कारागीर सकाळी सातला येतात आणि दहापर्यंत एक भिंत झाकून मोकळे होतात, त्यामुळे ऑफिसातून आल्यावर बघू असं चालत नाही.

विटामाती

भाऊजी त्या आठवड्यात घरून काम करणार आहेत. शिडीवर चढू नका, फोन काठीला बांधा, असं ताईने आत्ताच बजावलंय.

कळमेश्वरकर

पन्हळी आणि खिडक्यांची फ्लॅशिंग कोणत्या पत्र्याची देतोय ते पण विचारा. रंगीत स्टील घ्या, आणि शिल्लक तुकडे फेकू देऊ नका, गॅरेजमध्ये ठेवायला सांगा. चार-पाच पट्ट्यांचं बंडलही सोबत ठेवा. पुढच्या गारपिटीनंतर तोच रंग तेव्हा बाजारात असेलच असं नाही.